अंगावरून किती गेलं?

बाळंतपणाच्या केसपेपरवर रक्तस्रावाचा एक बोटभर रकाना असतो. मी नोकरीला लागले तेव्हा मोठ्या सिस्टरांनी सांगितलं होतं, तिथे ‘अ‍ॅव्हरेज’ लिहायचं, फारच गेलं तर ‘मोअर’. पुढे कितीतरी वर्षं मी तेच लिहीत आले. बाळाचं वजन आम्ही ग्रॅममध्ये लिहायचो, जन्माची वेळ मिनिटासकट लिहायचो, आणि आईच्या अंगावरून किती गेलं ते एका शब्दात उरकायचो.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, गेली काही वर्षं लेबर रूमची इन्चार्ज. रुग्णालय सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वरच्या पाड्यांवरून बायका येतात, काही जीपने, काही आजही डांबरी रस्ता लागेपर्यंत झोळीतून. महिन्याला शंभराच्या आसपास बाळंतपणं होतात. गावाचं, रुग्णालयाचं, माणसांचं नाव मुद्दाम घेत नाही.

२०११ च्या डिसेंबरमधली रात्र होती. ड्यूटीवर मी एकटी आणि एक मावशी. दोन टेबलं, दोन्हींवर बायका. पहिलीचं तिसरं बाळंतपण, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ८. आमच्याकडे ८ म्हटलं की कोणी दचकत नाही, कितीतरी बायका त्याच घरातल्या. पावणेदोनला तिला मुलगी झाली. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात वार पडली, ती मी ताटात पसरून दोन्ही बाजूंनी पाहिली, पूर्ण होती. पोटावर हात ठेवला तेव्हा गर्भपिशवी घट्ट लागली. खाली कापड लावलं, केसपेपर लिहिला, आणि शेजारची बाई जोर करायला लागली म्हणून तिकडे वळले.

रक्त भळाभळा वाहत असतं तर मी तिथून हललेच नसते. तसं काही नव्हतं. नळ नीट बंद झाला नाही की जशी धार राहते, तेवढंच. कापड भिजलं, मावशीने बदललं. पुन्हा भिजलं, पुन्हा बदललं. भिजलेली कापडं बादलीत जात होती. तिची सासू दारातून म्हणाली, “जाऊ दे, घाण निघून जाते, अंग मोकळं होतं.” मी काही बोलले नाही. मलाही तेव्हा थोडंफार तसंच वाटायचं.

अडीचच्या सुमाराला तिने पाणी मागितलं. मग अंगावरचं पांघरूण ढकलायला लागली. डिसेंबरची थंडी आणि कपाळावर घाम. “बाई, घाबरं घाबरं होतंय.” नाडी धरली तर मोजता येईना इतकी पळत होती. पोटावर हात ठेवला तर पिशवी हाताला लागेचना, सगळं सैल मळलेल्या कणकेसारखं मऊ. दाबल्याबरोबर गाठीच्या गाठी बाहेर पडल्या. तिला कुशीवर वळवलं तेव्हा दिसलं, मेणकापडाच्या कडेवरून रक्त गादीत उतरलं होतं. मी गादीवर हात टेकला तर बोटांभोवती तळं झालं.

डॉक्टर क्वार्टरमधून पाच मिनिटांत आले. सलाईन, पिशवी आवळणारी ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिनची इंजेक्शनं, पोट चोळणं, तेव्हा जे ठाऊक होतं ते सगळं केलं. रक्ताची सोय आमच्याकडे नव्हती. १०८ ची गाडी महाराष्ट्रात यायला अजून अवकाश होता, रुग्णालयाची जीप काढली. मी सोबत बसले, एक हात सलाईनच्या बाटलीला, एक तिच्या पोटावर. जिल्ह्याचं गाव सात-आठ किलोमीटर राहिलं असताना ती गेली. मुलगी आजीजवळ मागे राहिली होती.

पुढे माता मृत्यू अन्वेषणाची बैठक झाली. साहेबांनी विचारलं, “सिस्टर, किती रक्त गेलं असेल?” मी म्हणाले, “साधारण तीनशे.” केसपेपरवर ‘अ‍ॅव्हरेज’ होतं, माझ्याच अक्षरात, दोन वाजायच्या आत लिहिलेलं. गादीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज वाटतं, दीड लिटर तरी गेलं असणार. पण हेही मी अंदाजानेच बोलते आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

हे रक्त इतक्या झटपट का जातं ते मला नीट समजलं तेही पुढे कधीतरी. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिच्या जागी या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. त्यांना बांधून टाकायला दुसरं काही नसतं, पिशवीचा स्नायूच आवळतो आणि त्याच्या जाळ्यात त्या वाहिन्या दाबल्या जातात. पिशवी ढिली पडली की सगळी तोंडं एकदम मोकळी. तरणीताठी बाई वरून बराच वेळ धडधाकट दिसते, बोलते, बाळाकडे बघते. बीपीसुद्धा बरंच रक्त जाईपर्यंत तग धरतं. आधी पळते ती नाडी. आणि १२ एचबीची बाई जेवढं सोसते तेवढं ८ ची सोसू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. आमच्या पाड्यांवर वेगळं काही नाही.

२०१८ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रमातून आमचं प्रशिक्षण झालं. हा केंद्राचा लेबर रूम सुधारण्याचा कार्यक्रम, आदल्या वर्षाच्या शेवटी सुरू झालेला. दोन दिवस बरंच काही शिकवलं, त्यातला एक खेळ मी विसरणार नाही. प्रशिक्षक मॅडमनी खायचा लाल रंग घातलेलं पाणी आणलं होतं. पाच ठिकाणी ओतून ठेवलं: एका पॅडवर, एका किडनी ट्रेमध्ये, दुपदरी चादरीवर, बादलीतल्या पाण्यात मिसळून, आणि एका सुती साडीवर. आम्ही वीसजणी चिठ्ठी घेऊन फिरलो, प्रत्येकीने आकडा लिहायचा. साडीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. २०० लिहिलं. साडीत ६०० मिली पाणी होतं. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरने १५० लिहिलं होतं. आमच्यापैकी एकीचाही आकडा खऱ्याच्या वर गेला नव्हता, सगळ्याजणी कमीच सांगत होतो. मी खाली बसले आणि मला ती गादी दिसायला लागली.

मॅडमनी तेव्हा बेळगावची गोष्ट सांगितली. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला, तो २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १,६२० बायका होत्या. बाळंतपणं करणाऱ्या एएनएम नर्स, म्हणजे आमच्यासारख्याच, डॉक्टर जवळ नसलेल्या. बाळंतपण झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, ६०० मायक्रोग्रॅम, तर अति रक्तस्राव शेकडा १२ वरून साडेसहाच्या आत आला. या गोळीला ना सुई लागते ना फ्रिज. पण रक्त किती गेलं ते मोजल्याशिवाय हे ठरवणार कसं? म्हणून त्या लोकांनी प्लॅस्टिकची एक मापाची पिशवी तयार केली, बाळंतिणीच्या कमरेखाली लावायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, त्यावर मिलीच्या रेघा. त्या पिशवीशी ताडून पाहिलं तर नजरेने सांगितलेला आकडा साधारण एक तृतीयांशाने कमी भरला. बेळगाव आपल्याला परकं नाही, कितीजणींची माहेरं तिथली. तिथे बारा वर्षांपूर्वी ही पिशवी वापरली गेली होती आणि आम्ही इकडे ‘अ‍ॅव्हरेज’ लिहीत होतो.

परत आल्यावर पिशव्या मागितल्या तर पुरवठ्यात नव्हत्या. मग मी स्वयंपाकघरातला एक डिजिटल काटा विकत आणला. कोरड्या पॅडचं, कोरड्या कापडाचं वजन करून भिंतीवर लिहून ठेवलं. भिजलेलं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काट्यावर ठेवायचं आणि कोरड्याचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं. मावशींनी पहिले काही दिवस नाक मुरडलं. एका डॉक्टरांनी, आता ते निवृत्त आहेत, सरळ सांगितलं, “सिस्टर, इतकी वर्षं बाळंतपणं केली, बघून कळतं.” मी वाद घातला नाही. त्यांच्या पुढच्या चार बाळंतपणांत आधी त्यांना आकडा विचारला आणि मग काटा दाखवला. पाचव्या वेळी त्यांनी आपणहून विचारलं, “किती आलं वजन?”

काट्याची अडचण अशी की तो झालेलं सांगतो. धार चालू असताना कापड वजनाला नेत बसता येत नाही. पुढे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून मापाच्या पिशव्या आल्या. आम्ही त्याला ड्रेप म्हणतो. लावायचा कसा हे कागदावर सोपं वाटतं, हाताला बसायला महिना गेला. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं की मग लावायचा, नाहीतर पाणीही रक्तात मोजलं जातं. कमरेखालून सरकवायचा, नाड्या पोटावर सैलशा बांधायच्या, निमुळतं टोक टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचं आणि आत घडी पडलेली नाही हे बोट फिरवून बघायचं. घडी पडली तर वरच डबकं साचतं आणि खालची रेघ खोटं सांगते. मग तासभर तो तिथेच राहतो. दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी बघायच्या: ड्रेपवरची रेघ, नाडी, बीपी, आणि पोटावर हात ठेवून गर्भपिशवी. बायकांना ते प्लॅस्टिक गार लागतं, आवडत नाही. त्यांना आधी सांगितलं की चालवून घेतात.

औषधाचीही अशीच गत होती. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आमच्याकडे ते ट्रेमध्ये टेबलावर असायचं, हाताशी हवं म्हणून. इकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, दुपारी पंख्याचा वारासुद्धा भाजतो. त्या ट्रेतल्या अ‍ॅम्पूलमध्ये किती दम उरत असेल? बघून काहीच कळत नाही, पाण्यासारखं ते पाणी. गोठ्यात म्हशीला पान्हा सोडवायला हेच औषध चोरून टोचतात हे खेड्यातल्या सगळ्यांना माहीत असतं, पण ते गार ठेवायचं असतं हे नर्सिंग झालेल्या आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. आता लेबर रूमला स्वतःचा छोटा फ्रिज आहे, आत थर्मामीटर आहे, आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिणं ही मावशींची जबाबदारी आहे. लाइट गेल्यावर आइस पॅकचा डबा कोणी काढायचा हेही ठरलेलं आहे.

मोजायला लागल्यावर एक गोष्ट झाली ती कुणी आधी सांगितली नव्हती. रजिस्टरमध्ये पूर्वी महिन्याला एखादी अति रक्तस्रावाची केस असायची. मोजायला लागलो त्या पहिल्याच महिन्यात सात निघाल्या. बायका त्याच, बाळंतपणं तेवढीच. वरच्या कार्यालयातून पत्र आलं, केसेस अचानक का वाढल्या याचा खुलासा करा. मी आणि आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी बसून खुलासा लिहिला, सोबत काट्याचे आकडे जोडले. त्यावर उत्तर आलं नाही. दोघी-तिघी सिस्टर मला म्हणाल्या, मॅडम, ४९० लिहून टाकू, ५०० लागली की पीपीएच, म्हणजे अति रक्तस्राव धरतात, मग उगीच कटकट. मला त्यांचा राग आला नाही, खुलाशाची भीती मीही ओळखून आहे. पण त्यांना मी पहिल्यांदा २०११ ची रात्र सांगितली. गादीसकट सांगितली. त्याआधी सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर ४९० कुणी लिहिलं नाही.

महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा देशात चांगल्या राज्यांत धरतात. २०१८ ते २० या काळासाठी तो लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७, केरळचा १९. ते खरंच आहे आणि त्यामागे पुष्कळ लोकांचे कष्ट आहेत. पण राज्याचा आकडा झोळीतून येणाऱ्या बाईला वेगळं काढून दाखवत नाही.

२०२३ मध्ये आमच्याकडे आलेल्या तरुण डॉक्टर मॅडमनी एक दिवस ड्यूटी बदलायच्या वेळी सगळ्यांना थांबवून घेतलं आणि एक नवा अभ्यास मराठीत समजावून सांगितला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांवर बायका. ड्रेप लावून रक्त मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की सगळं एकदम सुरू करायचं: गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, रक्त कुठून येतंय याची तपासणी, आणि वरिष्ठांना हाक. याने गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. नेहमीच्या पद्धतीने काम करणाऱ्या रुग्णालयांत शंभरातल्या ५१ केसेस लक्षात येत होत्या, ड्रेप लावणाऱ्यांत ९३. यात नवं औषध नव्हतं की नवं यंत्र नव्हतं. आम्ही आधी चोळायचो, वाट बघायचो. मग इंजेक्शन, पुन्हा वाट बघायची. मग डॉक्टरांना फोन, तोही भीत भीत, की झोपेतून उठवलं आणि काही नसलं तर काय. प्रत्येक वाट बघण्याला पाच-दहा मिनिटं जायची आणि धार चालूच असायची.

त्या यादीतलं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड मला फार जवळचं वाटतं. जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांच्या पतीने ते १९६२ मध्ये शोधलं. बाळंतपणानंतर रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात हेच त्यांच्या मनात होतं. पाळणाघर नव्हतं म्हणून त्या मुलीला पाठीला बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. आपल्याकडच्या बाया बाळ झोळीत बांधून शेतात जातात तसंच. बाळंतपणात त्याची नीट चाचणी व्हायला मात्र अर्धं शतक गेलं. २१ देशांतल्या २०,००० बायकांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ठरलं की तीन तासांच्या आत एक ग्रॅम शिरेतून दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. ओकामोतोबाई त्याच्या आदल्या वर्षी ९८ व्या वर्षी वारल्या. त्यांना निकाल कळला नाही याची मला हळहळ वाटते.

आम्ही रात्री दोनला, न सांगता, तालीम करायला लागलो. टेबलावर उशी, उशीखाली ड्रेप, त्यात लाल पाणी, आणि मी घड्याळ घेऊन कोपऱ्यात. पहिल्या तालमीत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हातात यायला नऊ मिनिटं लागली, कारण ते कुलपात होतं आणि किल्ली औषधनिर्माता घरी घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही झाकणाचा एक लाल डबा केला. सगळी औषधं, सुया, सलाईनचे सेट, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, हातमोजे, सगळं एकत्र, झाकणावर मुदतीच्या तारखा. ऑक्सिटोसिन तेवढं फ्रिजमध्ये, त्याची चिठ्ठी डब्यात. डब्यात कंडोम, कॅथेटर आणि दोराही आहे. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी दाखवून दिलं की कॅथेटरला कंडोम बांधून तो गर्भपिशवीत सलाईनने फुगवला तर आतून दाब बसून रक्त थांबवता येतं. गरिबांच्या रुग्णालयात बसून काढलेली ही युक्ती आहे, आणि आम्ही ती दोनदा वापरली आहे. तालमीत मावशींना काम दिलं, मिनिटं मोठ्याने सांगायची. “दोन झाली... तीन झाली.” तो आवाज कानावर पडला की हात आपोआप चालतात.

२०२४ च्या ऑगस्टमधली एक रात्र सांगते. बाहेर धो धो पाऊस, वरचा नाला भरून वाहत होता. पहिलटकरीण, वीस वर्षांची, बाळ तीन किलो चारशे, कळा भराभर आल्या. अकरा वीसला मुलगा झाला, मिनिटाच्या आत इंजेक्शन, वार आठव्या मिनिटाला. ड्रेप लावलेला. अकरा पस्तीसला रेघ २५०, नाडी ९८, पिशवी घट्ट. मी तिथेच उभी राहिले. तीन मिनिटांत रेघ ३८०, नाडी ११४. मी ओरडले, “पीपीएच!” ओरडायचंच असतं, तालमीत तसंच ठरलं आहे. एक सिस्टर पोटावर, एकीने दुसरी शीर घेतली, ऑक्सिटोसिनचं सलाईन आणि ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड चालू झालं, मावशींनी डॉक्टर मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी कॅथेटर घातलं, बरीच लघवी निघाली. भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही, म्हणून ते आधी रिकामं करायचं. पिशवी नारळासारखी टणक झाली. आणि तरीही रेघ वर सरकत होती. ५००. ५६०.

अंदाजावर काम करत असतो तर पिशवी टणक लागल्यावर आम्ही निवांत झालो असतो, २०११ ला मी झाले तशी. पण ड्रेपवर समोर दिसत होतं की रक्त थांबलेलं नाही, आणि ते ताजं, लालभडक होतं. पिशवी घट्ट असून रक्त येतंय म्हणजे कुठेतरी फाटलंय. मॅडम भिजलेल्या साडीनिशी आत आल्या तेव्हा दिवा लावून, उपकरणं उघडून ठेवलेली होती. पिशवीच्या तोंडाला डाव्या बाजूने चीर गेली होती, खोल. मी दोन चिमट्यांनी कड धरून ठेवली, त्यांनी टाके घातले. मावशी म्हणाल्या, “एकोणीस झाली.” रेघ ८५० ला थांबली आणि थांबूनच राहिली. आमच्याकडे आता रक्तसाठवण केंद्र आहे, एक पिशवी रक्त पहाटेपर्यंत दिलं. नाला उतरेपर्यंत गाडी निघूच शकली नसती.

सकाळी तिची आई आत आली. रात्रभर व्हरांड्यात बसून होती. मला म्हणाली, “बाई, लई गडबड चालली होती तुमची. बाळंतपणात घाण तर जाणारच ना?” मी तिला जवळ बसवलं. तिच्या पिशवीत पाण्याची लिटरची बाटली होती, ती घेतली आणि वरून तीन-चार बोटं सोडून खूण दाखवली. “इथपर्यंत रक्त गेलं तुझ्या पोरीचं. ही घाण नव्हे, तिच्या अंगातलं रक्त आहे.” तिने बाटली हातात घेतली, डोळ्यांसमोर धरली, बराच वेळ पाहिली. मग पदराने पुसून पिशवीत ठेवली आणि पोरीच्या पायाशी जाऊन बसली.

घाण जाऊ दे म्हणणाऱ्या सासूला मी २०११ मध्ये काहीच दाखवू शकले नव्हते. आता वॉर्डातली प्रत्येक आई, सासू, मावशी यांना आम्ही ही बाटली दाखवतो. अर्ध्या बाटलीच्या वर गेलं की धोका. घरी गेल्यावरही पहिला दिवस लक्ष ठेवा, कापड किती वेळात भिजतंय ते बघा, आणि १०८ ला फोन करा. आशाताईंनीही पाड्यांवर तेच सुरू केलं आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पिशव्या संपतात, पुढची मागणी मंजूर होईपर्यंत पुन्हा काटा निघतो. बदल्या होतात, शिकवलेली माणसं जातात, नव्यांची तालीम पहिल्यापासून घ्यावी लागते. ७ एचबीची बाई नवव्या महिन्यात पहिल्यांदा दारात येते तेव्हा मला अजूनही धस्स होतं. तिच्यासाठी ड्रेपवरची ५०० ची रेघ फार लांबची आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या सूचना आल्या, त्यात आता म्हटलं आहे की ३०० मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं असेल तर ५०० ची वाट बघू नका, उपचार सुरू करा. मी तो कागद मराठीत लिहून भिंतीवर लावला, कोरड्या कापडांच्या वजनांशेजारी.

परवा रात्री तीन वाजता फोन वाजला. नवी सिस्टर, लागून दोन महिने झालेत.

“मॅडम, बाळंतपणाला वीस मिनिटं झाली. तीनशे दहा झालंय. नाडी शहाण्णव, बीपी एकशे दहा सत्तर. पिशवी मधूनच ढिली लागतेय. एचबी साडेसात आहे.”

“पोटावरचा हात काढू नकोस. शीर घेतलीय?”

“घेतलीय. डबा उघडलाय. डॉक्टरांना कळवलंय, ते निघालेत.”

“मग थांबू नकोस, सुरू कर. मी येते.”

मी पोचले तेव्हा रेघ ४२० वर होती, नाडी नव्वदच्या आत आली होती, आणि मावशी घड्याळाखाली उभ्या होत्या. बाळ आईच्या अंगावर पीत होतं. सिस्टरने केसपेपर माझ्यापुढे धरला, सहीसाठी. रकान्यात तिने लिहिलं होतं: ४२० मिली, ३.३५ वाजता, थांबले.